उचल कुणाची, कोयता कुणाचा

सिन्नरच्या एका स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याने विचारलंय: "एखाद्या देशात यादवी चालू असते आणि बाहेरचा देश तिथल्या बंडखोरांना शस्त्रं, पैसा, प्रशिक्षण देतो. म्हणजे हे गट देणाऱ्याच्या हातातली बाहुलीच ना? मग देणाऱ्याने हात आखडता घेतला की युद्ध थांबायला हवं. तसं का होत नाही? कुणी हे जवळून पाहिलं असेल तर सांगा."

मी लष्कराच्या ऑर्डनन्स कोअरमध्ये दारूगोळ्याचं काम करत २८ वर्षं काढली, सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि आता नाशिकरोडला राहतो. १९८८ मध्ये श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर होतो, २००५ मध्ये काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत. राजकारण ठरवणाऱ्या खोलीत मी कधी बसलो नाही. त्या खोलीतून जे बाहेर पडतं ते शेवटी आमच्या टेबलावर येतं, गंजलेलं, ग्रीस फासलेलं, कधी रक्ताचे डाग असलेलं. तेवढ्यावरून जे कळलं ते लिहितो.

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. गट देणाऱ्याचं ऐकतो का, हा एक. पुरवठा तुटल्यावर गट टिकतो का, हा दुसरा. तुम्ही पहिल्याचं उत्तर 'हो' धरून दुसऱ्याकडे गेलात, तिथेच गाडं अडलं. न ऐकणारा गट पुरवठा तुटल्यावर कोसळू शकतो आणि अगदी आज्ञाधारक गटही वर्षानुवर्षं तग धरू शकतो.

आधी ऐकण्याचं बघू. त्यासाठी आपल्याकडचंच उदाहरण बरं पडेल.

माझा थोरला भाऊ साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होता. कुठला कारखाना ते जाऊ द्या. हंगामाच्या कितीतरी आधी ऊसतोडीच्या मुकादमाला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यावी लागते. इतके कोयते, म्हणजे इतकी जोडपी, आणीन असं मुकादम स्टॅम्पपेपरवर लिहून देतो. दिवाळीनंतर भाऊ ट्रक घेऊन मुकादमाच्या गावी जायचा. एका वर्षी गेला तर घरांना कुलपं. मुकादमाने दुसऱ्या एका कारखान्याचीही उचल घेतली होती आणि टोळी दोन दिवस आधीच तिकडे रवाना झाली होती. भाऊ तीन दिवस त्या गावात बसून राहिला. त्याचं एक वाक्य मी अजून विसरलो नाही: "पैसे आपले होते रे, पण कोयता त्याचा होता."

भावाच्या कारखान्याला निदान कोर्टात जाता आलं. बंडखोर गटाला उचल देणारा देश कुठल्या कोर्टात जाणार? पैसे दिले हेच मुळात तो कबूल करत नाही.

आता श्रीलंका. जुलै १९८३ च्या कोलंबोतल्या तमिळविरोधी दंगलीनंतर भारताने तमिळ गटांना प्रशिक्षण आणि शस्त्रं द्यायला सुरुवात केली. हे आता लपलेलं नाही. तमिळनाडूत भावना पेटल्या होत्या, कोलंबोचं सरकार परक्या शक्तींना जवळ करतंय अशी दिल्लीला काळजी होती आणि त्या सरकारला वाटाघाटीला बसवायचं होतं. लक्षात घ्या, उद्देश दबावाचा होता. स्वतंत्र तमिळ ईलम दिल्लीला नकोच होतं, कारण ते झालं असतं तर त्याची झळ उद्या आपल्याच दक्षिणेला लागली असती. गटांना मात्र नेमकं तेच हवं होतं. दोघांचा रस्ता थोडा वेळ एक होता, मुक्काम वेगळा होता.

त्यातही गट एक नव्हता. टेलो, प्लॉट, ईपीआरएलएफ, इरॉस आणि लिट्टे असे पाच मोठे. एकाच्या हाती सगळं जाऊ नये म्हणून अनेकांना थोडं थोडं द्यायचं, हा देणाऱ्यांचा नेहमीचा हिशोब असतो. कागदावर शहाणपणाचा दिसतो. प्रत्यक्षात काय झालं? १९८६ मध्ये लिट्टेने टेलोचा काही दिवसांत फडशा पाडला, नेत्यासकट. बाहेरून आलेली बंदूक आधी शेजारच्या भावकीवर चालली. हे मला पुढे काँगोतही दिसलं. गटाचा सगळ्यात जवळचा शत्रू बहुतेक वेळा सरकार नसतं, त्याच गल्लीतला दुसरा गट असतो.

२९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला, शांतिसेना उतरली आणि १० ऑक्टोबरपासून आम्ही लिट्टेशी लढत होतो. मी पुढच्या वर्षी पोहोचलो. वावुनियाच्या बाजूला एक साठा सापडला होता, नोंद करायला मला पाठवलं. जमिनीत पुरलेली पत्र्याची पिंपं, आत पोत्यात गुंडाळलेल्या रायफली, खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत एक वही. शाळेची वही असते तशी, मार्जिन आखलेली. मजकूर तमिळमध्ये, मला एक अक्षर येत नव्हतं. पण पानावरचे रकाने ओळखीचे होते. सुरुंगाची नोंद ठेवण्याचा तक्ता जबलपूरच्या आमच्या लष्करी शाळेत उस्ताद फळ्यावर ज्या क्रमाने आखायचे, त्याच क्रमाने इथे आखला होता. कोपऱ्यातला उत्तर दिशेचा बाणसुद्धा तसाच. माझ्या बरोबरचा हवालदार वाकून बघत म्हणाला, "साहेब, हा पोरगा पास झाला असता."

मी नोंदवहीत वहीचा उल्लेख केला. फॉर्मात एक रकाना असतो, 'मूळ देश'. तो मी कोरा सोडला.

त्या मोहिमेत आपले सुमारे १,२०० जवान गेले. आणि अर्धीच गोष्ट झाली अजून. १९८९ मध्ये श्रीलंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदासा यांना भारतीय सैन्य बाहेर हवं होतं, म्हणून त्यांच्या सरकारने लिट्टेलाच शस्त्रं दिली. म्हणजे ज्या सरकारविरुद्ध लिट्टे उभी राहिली त्याच सरकारने तिला उचल दिली. मार्च १९९० मध्ये आपलं शेवटचं जहाज निघालं आणि जूनमध्ये लिट्टेने श्रीलंकेच्या सरकारविरुद्ध पुन्हा युद्ध सुरू केलं. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी, १ मे १९९३ ला कोलंबोत प्रेमदासा. दोन्ही हत्या त्याच संघटनेच्या. भारताचं सैन्य परतल्यावरही ती १९ वर्षं लढली, कारण तोवर परदेशातल्या तमिळांकडून वर्गणी, स्वतःची जहाजं आणि स्वतःच्या इलाख्यात कर गोळा करण्याची व्यवस्था तिने उभी केली होती. मे २००९ मध्ये ती संपली ती रणांगणावर.

म्हणून 'बाहुली' या शब्दाशी माझं भांडण आहे. आणि फक्त माझं नाही. निकाराग्वाच्या खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २७ जून १९८६ ला निकाल दिला, तो तुम्ही परीक्षेसाठी वाचलाच पाहिजे. निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांना प्रशिक्षण, शस्त्रं आणि पैसा देऊन अमेरिकेने आंतरराष्ट्रीय कायदा मोडला, असं न्यायालय म्हणालं. पण काँट्रांचं प्रत्येक कृत्य अमेरिकेच्या खाती टाकायला नकार दिला. त्या कारवायांवर अमेरिकेचा प्रत्यक्ष ताबा होता हे सिद्ध झालं नाही म्हणून. सोप्या भाषेत, देणाऱ्याचा गुन्हा आहे, पण घेणारा त्याचं बाहुलं आहे असं त्यातून आपोआप ठरत नाही.

कुणी म्हणेल, आधी माणसं नीट पारखून घ्यावीत. अमेरिकेने सीरियात तेही करून पाहिलं. फक्त इस्लामिक स्टेटशीच लढायचं, असाद सरकारशी नाही, या अटीवर सीरियन लढवय्ये निवडायचे, चाळणी लावायची, शिकवायचं. ५० कोटी डॉलरचा कार्यक्रम. सप्टेंबर २०१५ मध्ये त्या भागातल्या अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल लॉइड ऑस्टिन यांना सिनेटमध्ये विचारलं, त्यातले किती जण आता प्रत्यक्ष लढत आहेत? उत्तर होतं, चार किंवा पाच. ज्यांची घरं असादच्या विमानांनी पाडली त्यांना सांगायचं की त्याला सोडून दुसऱ्याशी लढा. अशा अटीवर मुकादम मिळत नाही.

मग देश हे करतातच का? कारण स्वतःचं सैन्य पाठवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं आणि 'आम्ही नाही त्यातले' म्हणता येतं. शवपेट्या आपल्या गावी येत नाहीत. या नाकारण्याच्या सोयीसाठी काय काय करतात ते आमच्या टेबलावर दिसतं. काडतुसाच्या बुडाची गोल चकती असते ना, जिथे पिन आपटते, तिच्यावर बारीक आकडे ठोकलेले असतात, बहुधा वर कारखान्याचा क्रमांक आणि खाली वर्षाचे दोन आकडे. काँगोत गोमा शहरात आमच्याकडे शस्त्रं जमा व्हायची तेव्हा मी भिंग घेऊन हेच वाचत बसायचो. एकेका पोत्यात तीन-तीन देशांचा माल निघायचा, काही माझ्या जन्माच्या आधीचा. नवीन मुलांना वाटायचं, चला, देश सापडला. मी सांगायचो, बनवलं कुणी ते सापडलं. दिलं कुणी ते नाही. अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्याविरुद्ध मुजाहिदीनांना शस्त्रं देताना सीआयएने सुरुवातीची वर्षं मुद्दाम सोव्हिएत बनावटीचा माल चीन, इजिप्तकडून विकत घेऊन पाठवला, तो याचसाठी. शिक्काच खोटं बोलावा म्हणून.

अफगाणिस्तानात आणखी एक भानगड होती. पैसा अमेरिकेचा आणि सौदीचा, पण वाटप पाकिस्तानच्या आयएसआयच्या हाती. मधला माणूस आपल्या मर्जीतल्यांना जास्त देणार हे उघड आहे. आपल्याकडे अडत्या शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला समोरासमोर येऊ देत नाही, तसंच. १९८६ पासून खांद्यावरून डागून विमान पाडणारी स्टिंगर क्षेपणास्त्रं दिली, पुढे तीच नव्वदच्या दशकात पैसे मोजून परत विकत घेत फिरायची वेळ अमेरिकेवर आली. ऑर्डनन्सवाला म्हणून सांगतो, दारूगोळा इश्यू करायला एक सही लागते. परत जमा करून घ्यायला आयुष्य जातं.

इथवर पहिल्या प्रश्नाचं झालं: गट पैसे घेतो, स्वतःचं गणित सोडत नाही. आता दुसरा प्रश्न, आणि इथे मला 'अवलंबून आहे' म्हणावंच लागेल. कशावर, ते सांगतो.

मुख्य गोष्ट ही की गटाची स्वतःची कमाई आहे का. अंगोला बघा. युनिटा या बंडखोर गटाचा नेता साविंबी याला दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका मदत करत होत्या, समोरच्या सरकारला क्युबा आणि सोव्हिएत संघ. डिसेंबर १९८८ मध्ये न्यूयॉर्कला करार झाला, क्युबा आणि दक्षिण आफ्रिका बाहेर पडल्या. शीतयुद्ध संपलं. तुमच्या हिशोबाने युद्धही संपायला हवं होतं. १९९२ मध्ये निवडणूक झाली, साविंबी मागे पडला आणि पुन्हा जंगलात गेला, कारण त्याच्या ताब्यात हिऱ्यांच्या खाणी होत्या. आणखी दहा वर्षं. २२ फेब्रुवारी २००२ ला तो मारला गेला आणि सहा आठवड्यांत युद्धबंदी झाली.

याच्या उलट काबूलचं नजीबुल्ला सरकार. नजीबुल्ला बंडखोर नव्हता, सरकार चालवत होता, पण जगत होता सोव्हिएत उचलीवरच. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत सैन्य गेलं तेव्हा सगळे म्हणाले, महिन्या-दोन महिन्यांत पडेल. तीन वर्षं टिकला, कारण सैन्य गेलं तरी इंधन, पैसा, दारूगोळा येत होता. १ जानेवारी १९९२ पासून मॉस्को आणि वॉशिंग्टन दोघांनी आपापला पुरवठा थांबवायचं ठरवलं होतं. पगार थकले, दोस्तमसारखे सरदार फुटले, एप्रिलमध्ये सरकार गेलं. त्यानंतर जिंकलेले मुजाहिदीन काबूलच्या ताब्यासाठी एकमेकांवर रॉकेटं टाकत बसले. म्हणजे पुरवठा तुटला, सरकार पडलं, युद्ध तरीही थांबलं नाही. दोन्ही बाजूंच्या गोदामांत दहा वर्षांचा माल पडून होता ना!

दुसरी गोष्ट, पुरवठा खरंच तुटलाय का? मोझांबिकमध्ये रेनामो हा गट ऱ्होडेशियाच्या गुप्तहेर खात्याने उभा केला. १९८० मध्ये ऱ्होडेशियाचं झिम्बाब्वे झालं आणि गट दक्षिण आफ्रिकेने सांभाळायला घेतला. मालक बदलला, टोळी तीच. १९८४ च्या एन्कोमाटी करारात दक्षिण आफ्रिकेने मदत बंद करायचं मान्य केलं. पुढच्या वर्षी रेनामोच्या गोरोंगोसाच्या तळावर छापा पडला, तिथे गटाच्या वह्या सापडल्या आणि त्यांत करारानंतरच्या मदतीच्या नोंदी. पुन्हा वह्याच. शांतता करार व्हायला ऑक्टोबर १९९२ उजाडलं.

आणि तिसरी गोष्ट सीमा. हे समजायला गोम्याला जाऊन यायला हवं. शहर ज्वालामुखीच्या काळ्या दगडावर उभं आहे, आपल्या सह्याद्रीचाच रंग, फक्त आपला दगड कोट्यवधी वर्षांचा आणि तिथला २००२ चा. त्या उद्रेकाने विमानतळाच्या धावपट्टीचा एक तुकडा गिळला होता. गोमा काँगोत आणि त्याला लागूनच गिसेन्यी रवांडात. रविवार कारंजा आणि पंचवटी जितकं लांब तितकंही नाही, मधे गोदावरीऐवजी एक लोखंडी दांडा. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया दिवसभर इकडून तिकडे. दांड्यावरचा शिपाई टोपली तपासणार, पण उत्तरेला डोंगर आणि जंगल आहे, तिथे दांडा नाही.

आम्ही परत आल्यावर सात वर्षांनी, २०१२ मध्ये, एम२३ नावाचा गट उभा राहिला आणि नोव्हेंबरात त्याने गोमा घेतलं. रवांडा मदत करतो असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने लिहिलं, रवांडाने नाकारलं. मग रवांडाला मदत देणाऱ्या देशांनी पैसा रोखला, आफ्रिकी तुकड्यांची नवी ब्रिगेड आली आणि २०१३ च्या अखेरीला एम२३ हरला. तुमचं म्हणणं इथे बरोबर ठरलं म्हणायचं, देणाऱ्यावर दबाव आला आणि गट कोसळला. पण उरलेली माणसं सीमेपलीकडे गेली, मेली नाहीत. २०२१ च्या शेवटी गट पुन्हा उठला, २०२४ मध्ये रुबायाच्या कोल्टनच्या (मोबाईलसारख्या वस्तूंत लागणारं खनिज) खाणी ताब्यात घेतल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये गोमा पुन्हा पडलं. टीव्हीवर विमानतळाचं फाटक दिसलं, त्याच फाटकाशी मी ट्रकची वाट बघत चहा प्यायचो. या वेळी गटाकडे आधार आणि खाण दोन्ही आहेत. हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो.

बाहेरची मदत कधीच यशस्वी होत नाही, असं मात्र लिहू नका. १९७१ डोळ्यांसमोर आहे. मुक्तिवाहिनीला आपण प्रशिक्षण दिलं, आणि तिथे जमलं. का? त्यांच्याकडे निवडून आलेल्या लोकांचं सरकार होतं, आपला आणि त्यांचा मुक्काम एकच होता, आणि शेवटी काम त्यांच्यावर सोडून आपण बाजूला बसलो नाही. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं, १६ ला ढाक्यात शरणागती. उचल देऊन कोयता स्वतः हातात घेतला. असं करायची तयारी फार थोड्या देशांची असते आणि असली तरी दर वेळी जमतंच असं नाही. श्रीलंकेतही आपण स्वतः उतरलोच होतो.

हे सगळं आपल्यापासून लांब आहे असं वाटत असेल तर दिंडोरीकडे चक्कर मारा. आमचे एक सोयरे, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, द्राक्षं युरोपला पाठवतात. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि पुढच्या हंगामात न्हावाशेव्याहून निघालेले कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून रॉटरडॅमला जायला लागले. दहा-बारा दिवस जास्त, भाडं वाढलेलं. अण्णा मला विचारत होते, "सुभेदार, इराणने एक फोन केला तर हे थांबेल ना?" इराणचा आधार हूथींना आहे, यात शंका नाही. पण त्याच वर्षी मार्चमध्ये इराण आणि सौदीने बीजिंगला समेट केला होता, आणि आठ महिन्यांत हे हल्ले सुरू झाले. सानाचा ताबा, बंदर, कर, सगळं हूथींच्या हाती आहे. फोन आला तर ते उचलतील, ऐकून घेतील आणि मग आपल्याला काय परवडतं ते बघतील, असं मी अण्णांना सांगितलं. त्यांना पटलं नाही. पेट्या मात्र त्यांनी त्या वर्षी वीस टक्के कमीच भरल्या.

परीक्षेत लिहिताना अंगोला आणि काबूल शेजारी शेजारी मांडा, दोन्हीकडे मदत बंद झाली आणि निकाल वेगळे लागले, ते का हे कमाईवरून दाखवा. एम२३ लिहाल तेव्हा रवांडा आरोप नाकारतो हेही एका ओळीत लिहा. आणि श्रीलंकेवर लिहिताना आपल्या बाजूचा रकाना कोरा सोडू नका. मला तेव्हा नोकरी होती, तुम्हाला ती अडचण नाही.